हेल्मेटवरचं आडनाव

स्पेनमधल्या सगळ्यांसारखीच मिरेनलाही दोन आडनावं होती, आधी बाबांचं आणि मग आईचं. एकेकाळी फॉर्म्युला वन गाजवलेले बाबा तिची रेसची गाडी बघून उखडले, "शर्यत हे पोरींचं काम नाही. माझं आडनाव धुळीला मिळवशील!"

"मग ठेवा की तुमच्यापाशीच!" मिरेनने हेल्मेटवरून बाबांचं आडनाव खरवडून काढलं. आईने गुपचूप रंगाची डबी पुढे सरकवली, आणि तिथे आईचं आडनाव झळकलं: गाराते.

पुढे बार्सिलोनात मिरेनने फॉर्म्युला वनची शर्यत मारली. तिला भेटायला धावलेल्या बाबांना रखवालदाराने फाटकातच अडवलं. बाबांनी ऐटीत आपलं आडनाव सांगितलं.

"असेल हो काका, पण इथे तुमचं कोण?"

 

 

"गाराते," बाबा आधी पुटपुटले, मग छाती फुगवून ओरडले, "गारातेचा बाप आहे मी!"