भीमराजची खुर्ची

अमृतशेठनी परीक्षेची फी भरल्याची पावती टेबलावरून भारतीकडे सरकवली आणि तिच्यासाठी चहा सांगितला.

"ह्यावेळी पेपर सुटला पाहिजे," ते म्हणाले. "दोनदा फी पाण्यात गेली. मी एका शब्दानं बोललो?"

"नाही, शेठ."

खरंच नव्हते बोलले. सगळ्या नागापूर एमआयडीसीत असा शेठ दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. बाकीच्या कंपन्यांत कुणी सीएमएच्या, म्हणजे कॉस्ट अकाउंटंटच्या परीक्षेच्या, फीचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं. आधी पास व्हा, मग पावती आणा, मग बघू. आणि बघू म्हणजे निम्मे पैसे, वर नोकरी न सोडण्याचा बॉण्ड. इथं शेठ फी आधीच भरत, पुस्तकांचे पैसे देत, अभ्यासाला पगारी रजा देत.

डिस्पॅचला बसणाऱ्या विजयमालानंही एकदा धीर करून विचारलं होतं, माझी फी भराल का म्हणून. शेठनी हसण्यावारी नेलं. ह्या कामाला घरचं माणूस लागतं, म्हणाले. तेव्हापासून विजयमाला भारतीकडे बघून मान हलवायची. देव देतो अन् कर्म नेतं, दुसरं काय.

घरचं माणूस म्हणजे भीमराज, भारतीचा नवरा. तोही शेठच्याच पैशावर शिकला. पास झाला त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले, शेठनी हार घातला, दोघांचा फोटो भिंतीवर लागला. भीमराजला उंच पाठीची खुर्ची मिळाली. महिनाअखेरीला गोदामात माल किती, हे बँकेला कळवायचं, त्यावर बँक कर्ज द्यायची. आकडे शेठच्या केबिनमधून येत, गोदामात जाऊन माल कुणी मोजत नसे, आणि खाली सही भीमराजची. बँकेला शिकल्यासवरल्या माणसाची सही लागते, असं शेठ सांगत.

मग भीमराज पुण्याला गेला. कंपनीच्या कामात अडकलाय, येईल, असं शेठनीच ऑफिसात सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. खुर्ची तेव्हापासून रिकामी होती.

"ती खुर्ची घरातच राहू दे," शेठ म्हणाले. "नाहीतर मला बाहेरचा माणूस बघावा लागेल. मग भीमराजचा पगार आणि पुण्याचा खर्च, मी कुणाच्या नावावर टाकायचा?"

भारतीनं चहा संपवला. तो गोड होता की अगोड, हे तिला सांगता आलं नसतं. हल्ली तिचं असंच झालं होतं. कशाचं बरं वाटत नव्हतं आणि वाईटही वाटत नव्हतं.

घरी सासू आक्काबाई दारातच बसली होती, नात दीपाच्या वेण्या घालत. आयुष्यभर श्रीरामपूरकडं लोकांच्या उसात खुरपणी करून तिनं भीमराजला शिकवलं होतं. सून दोनदा नापास झाल्याचं तिला शेजारणींपुढं तोंड लपवावं इतकं लागलं होतं.

"आपल्यात शिक्षनात मागं पडायचं न्हाई," ती म्हणाली. "बाबासायबांनी काय सांगितलंय?"

भारतीनं पर्स खुंटीला अडकवली. मग म्हातारीचं नेहमीचं सुरू झालं. भीमराज का येत न्हाई? सुट्टी मिळत न्हाई, भारतीनं सांगितलं. फोन तरी? आत मोबाईल न्यायला बंदी हाय. आन् जेवतो का नीट? जेवण तिथंच मिळतं. एवढं ऐकून आक्काबाईचं समाधान झालं. मोठ्या ठिकाणी असंच असतं, असं ती दीपाला म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी भारतीनं पेपर उघडला. पहिलाच प्रश्न गोदामातल्या मालाच्या किमतीचा. असली गणितं ती भाकरी थापता थापता तोंडी सोडवायची. तिनं पेनाचं टोपण काढलं, आपला नंबर घातला. आजूबाजूची पोरं खाली माना घालून लिहायला लागली होती. भारतीनं टोपण परत लावलं. ती खिडकीबाहेरच्या लिंबाच्या झाडाकडं बघत राहिली. वेळ संपल्यावर तिनं पेपर दिला आणि रसवंतीवर उसाचा रस प्यायली.

निकाल लागला तेव्हा विजयमालानं मोबाईलवर आधी बघितलं आणि भारतीच्या खांद्यावर हात ठेवला. आक्काबाईनं त्या दिवशी चूलच पेटवली नाही. नशीबच फुटकं, म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून पडली. दीपानं आईला हळूच विचारलं, तू रडत का न्हाईस? भारतीनं चूल पेटवली आणि भाकरी थापायला घेतली.

शेठ चिडले नाहीत. ह्यावेळी त्यांनी चहा मात्र सांगितला नाही.

"पुढच्या महिन्यापासून भीमराजचा पगार बंद," ते म्हणाले. "पुण्याचा खर्चही बंद. तू ठरवलंस, मी नाही."

"बरं, शेठ," भारती म्हणाली.

सुट्टीच्या दिवशी तिनं पुण्याची एसटी धरली. नेहमीसारखी रांगेत उभी राहिली, पिशवी तपासू दिली, मोबाईल टोकन घेऊन जमा केला. नाव पुकारल्यावर आत गेली.

जाळीपलीकडं भीमराज आला. आणखी रोडावला होता. त्याच्या मागं शिपाई उभा होता.

"निकाल?" त्यानं विचारलं.

"नापास."

"आन् शेठ?"

"तुमचा पगार बंद केला. वकीलबी काढून घेतला."

भीमराजनं जाळीला कपाळ टेकलं आणि डोळे मिटले.

"असू दे," तो म्हणाला. "दीपाला एक जन तरी भायेर पायजे."