हॅफनरच्या हातचं

"कुंकू! पिस्तुलाला!"

आगाशेकाकांनी पेटी उघडली आणि झाकण त्यांच्या हातात तसंच राहिलं. नळीच्या सपाट बाजूवर ओल्या कुंकवाचं बोट उठून वाळलं होतं, वर हळद, शेजारी झेंडूची सुकलेली पाकळी.

"खंडेनवमीला तुम्ही सांता क्लाराला होतात ना, लेकीकडे." समोर पिस्तुलाचा मालक गिरीश उभा होता, तोंडभर हसत. "म्हटलं आपलं शस्त्र आहे, पूजा चुकायला नको. काकूंनी गॅरेज उघडून दिलं. फोटो पण टाकलेत ऑर्कुटवर. सॉलिड कमेंट्स आल्यात, काका!"

आपलं शस्त्र म्हणे! या माणसाने आयुष्यात साधा डास धड मारला नसेल. शॉमबर्गच्या ऑफिसात स्लाइड दाखवून दाखवून डायरेक्टर झाला, बेसमेंटमध्ये बार काढला, आणि बारच्या भिंतीला काहीतरी हवं म्हणून एमिल हॅफनरचं पिस्तूल विकत घेतलं. मिलवॉकीचा हॅफनर एकेका गिऱ्हाइकाच्या पंजाचं माप घेऊन पिस्तूल बनवायचा. मरेपर्यंत जेमतेम साठ बनवली. आणि त्यातलं एक या गाढवाच्या हाती लागावं!

गंजलेलं, मोडकं होतं, म्हणून गिरीशने ते काकांकडे दुरुस्तीला दिलं, आणि अकरा महिने काका त्याच्या मागे होते. पुण्यातल्या टूलरूममध्ये तयार झालेला आणि शिकागोजवळच्या कारखान्यातून रिटायर झालेला हात. सगळं हॅफनरच्या पद्धतीने. मुठीच्या लाकडावरची चौकटींची नक्षी त्याच्यासारखीच हाताने कापलेली, इंचाला बावीस रेघा. स्क्रूसुद्धा घरी वळून काढलेले. आणि रंगाचं तर विचारूच नका. हॅफनरचा काळानिळा रंग बाटलीतून येत नाही. स्टीलला मुद्दाम गंज चढवायचा, उकळायचा, घासायचा, पुन्हा गंज चढवायचा. असं सात वेळा. मध्ये तेल नको, पाणी नको, माणसाचं बोट तर नकोच. सहा थर झाले होते, सातवा आज चढवायचा होता.

पुढच्या महिन्यात मिलवॉकीला जुन्या बंदुका-पिस्तुलांचं प्रदर्शन होतं, गिरीश हे तिथे मांडणार होता. तिथले ते जुने संग्राहक, वीस वर्षं काकांना "तुम्ही कॉम्प्युटरवाले का?" म्हणून विचारणारे, त्यांनी भिंग लावून बघावं आणि हॅफनरचं काम कुठं संपलं, आगाशेचं कुठं सुरू झालं, ते त्यांना कळू नये. काकांना एवढंच हवं होतं.

त्यांनी कोरड्या फडक्याने कुंकू पुसलं. खालचं स्टील खाल्लं गेलं होतं. टिकलीएवढा खड्डा, आणि तोही नेमका 'ई. हॅफनर' या ठशाला खेटून.

"टूलरूममध्ये आम्हीही लेथला कुंकू लावायचो," काका अगदी शांतपणे म्हणाले. तो आवाज सुहासिनीकाकूंच्या ओळखीचा होता. दारात उभ्या होत्या, त्या निमूट आत निघून गेल्या. "पण लेथला बोटभर ग्रीस असायचं. हे उघडं स्टील आहे, गिरीश. तुला पेटीला हात लावू नको म्हणून सांगितलं होतं. मराठीत सांगितलं होतं."

"ओह. सॉरी, काका. पण पॉलिश केलं की जाईल ना?"

"जाईल. पण सगळी बाजू घासून खाली आणावी लागेल. नाव आधीच पुसट आहे, तेही जाईल."

गिरीशने विचार केला. खरंच केला, कपाळाला आठी पडली.

"मग नाव परत कोरा ना! तुम्हाला त्याचं सगळं हुबेहूब जमतं. कुणाच्या बापाला कळणार नाहीये, यार काका."

काकांच्या डोक्यात तिडीक गेली. खोटं नाव घालू? चोर समजतो की काय हा मला? तोंडावर आलेली शिवी त्यांनी कशीबशी गिळली आणि पिस्तुलाकडे पाहिलं. मूठ आपण कापलेली. स्क्रू आपले. रंग आपला. आतलं लोखंड हॅफनरचं, खरं आहे; पण वरून दिसेल असं त्याचं राहिलं होतं काय? नाव. आणि नावही जमलं असतं. एका संध्याकाळचं काम. हात चक्क शिवशिवत होता, हे त्यांचं त्यांनाच कळलं. हा मूर्ख एका वाक्यात जे बोलून गेला तेच आपण अकरा महिने करत होतो, फक्त सोवळं नेसून! काकांना स्वतःचीच किळस आली.

त्यांनी तेलात भिजवलेला बोळा घेतला आणि पिस्तुलावरून फिरवला. नळी, घोडा, नाव, खड्डा, सगळ्यावरून. आता सातवा थर चढणार नव्हता.

"घेऊन जा."

"असंच? अहो, प्रदर्शनात लोक विचारतील ना, हा डाग कसला म्हणून."

"सांग त्यांना. नाव बनवणाऱ्याचं, बोट मालकाचं."

गिरीशला ते फारच आवडलं. त्याने पेटी काखेत मारली, गाडीशी गेला, आणि काहीतरी आठवल्यासारखा मागे वळला.

"आणि काका, तुमचं नाव कुठेच नाही का यात? तुमची ओळख काय करून देऊ?"

काका हात पुसत होते.

"माझी?" ते म्हणाले. "रंगारी म्हण."