कोणी काही बोललं का?

"कोणी काही बोललं का?" देवाजींनी दारातून पुन्हा विचारलं.

"नाही बाबा. आन् कोणी नाही बोललं तरच चांगलं हाय," लॅपटॉपवरची नजर न काढता मोना म्हणाली.

हे गणित पोलाद कारखान्यात भट्टीवर पाळ्या केलेल्या देवाजींच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. इंटरनेटवरच्या राउटरांना वाट दाखवणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर देशोदेशीची माणसं हौसेनं, मिळून सांभाळतात. त्यातला एक भाग वर्षानुवर्षं सांभाळणारे ऑटो नावाचे वयस्कर जर्मन गृहस्थ आता थांबणार होते, आणि आपल्या जागी त्यांनी रिसालीच्या मोनाचं नाव सुचवलं होतं. त्या मंडळींचा नियम असा, की प्रस्ताव सगळ्यांना मेलनं कळवायचा आणि रविवारी संध्याकाळी सहापर्यंत कोणी हरकत घेतली नाही तर तो मंजूर. नोकरी सांभाळून मोना हे काम करायची, आणि ही जागा तिला मनापासून हवी होती. आज रविवार, आणि आठवडाभर कोणी चकार शब्द काढला नव्हता. ती आतल्या आत नाचत होती.

घरात मात्र सुतक पडल्यासारखं झालं होतं.

"पोराकडचे गप्प बसले का आपणच समजून घ्या लागते," स्वयंपाकघरातून मोनाच्या आई रंभाबाई म्हणाल्या. मोनाच्या दोन बहिणी त्यांनी उजवल्या होत्या, त्यामुळे या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. "होकार असला तं माणूस फोन करते."

देवाजींना ते पटलं. मोबाइल घेऊन ते अंगणात गेले.

सहाला थोडा अवकाश असताना मोनाच्या लॅपटॉपवर मेल आला. विषयाच्या ओळीत तिचंच नाव. आलं कोणीतरी आडवं! तिनं मेल उघडला तर तो चक्क मराठीत होता.

"सगळ्या साहेब लोकाईले देवाजीचा नमस्कार. भट्टीवर आमची रीत हाय. पुढच्या पाळीचा रिलीव्हर आल्याबिगर जागा सोडाची नाही. माही पोरगी तशीच हाय. दिवाळीले पाहुणे ताटावर बसले होते, तरी तुमचं काम पुरं केल्याबिगर उठली नाही. तुमी सारे गप्प कावून बसून राहिले?"

लेकीचं नाव छापून आलेलं दिसावं म्हणून मागे कधीतरी तिनंच बाबांना त्या मंडळींच्या मेलच्या यादीत घातलं होतं. ते आता अंगाशी आलं.

"बाबा, काय केलं हे? साऱ्या जगात गेलं ते!"

"मंग? खोटं हाय का त्याच्यात काही?"

मोनाला हसावं की रडावं कळेना. ही हरकत धरली तर? ती घड्याळाकडे बघत बसली. देवाजी खुर्ची ओढून शेजारी बसले. रंभाबाई बेसनाचे हात तसेच घेऊन दारात उभ्या राहिल्या.

सहा वाजले आणि ऑटोंचा मेल आला. त्यांनी देवाजींचं पत्र मशीनकडून भाषांतर करून घेतलं होतं. मोना एकेक ओळ मराठीत सांगू लागली.

"कोणाची हरकत नाही. प्रस्ताव मंजूर." ती बाबांकडे वळली. "देवाजींना सांगा, मीही इतकी वर्षं रिलीव्हरचीच वाट बघत होतो. आता ती आली. मी निघतो."

रंभाबाईंनी तिला बेसनाच्या हातांनीच जवळ घेतलं. देवाजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांना इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"त्याले लिही," ते म्हणाले, "डबा घेऊन जा म्हणा. पाळी सुटली का माणूस घाईत डबाच इसरते."