दमणी आणि एसटी

अनिलचं लग्न तेलगावच्या विहारात लागलं, ते साल दोन हजार चोवीस. लग्नाला सहा महिने होऊन गेले होते. नवरदेवाची धाकटी बहीण चैताली विमानात हवाई सुंदरी होती. दोन दिवसांच्या सुट्टीवर ती मुंबईहून घरी आली होती. नोव्हेंबरातला शेवटचा रविवार, दुपारचे तीन. चार वाजायच्या आत तिला फोन करून एका नोकरीला हो किंवा नाही सांगायचं होतं.

आजी, दगडाबाई, ओसरीत खाटेवर पाय पसरून बसली होती. महिन्यापासून पायांवरची सूज उतरत नव्हती. डॉक्टरांनी चैतालीच्या वडिलांना, आबासाहेबांना, बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं. चैताली आजीच्या पायांना हलक्या हातानं खोबरेल लावत होती.

"आठ खुर्च्यांचं विमान आहे, आजी. एका शेठचं. आत मी एकटीच. आता एकशे ऐंशी माणसं असतात, दिवसाला चार खेपा. उभं राहून राहून पाय भरून येतात. तिथं बसायला तरी मिळेल. पगार दुप्पट."

"आठ माणसांसाठी एवढं विमान कावून उडवतेत?"

"कधी कधी एकट्या शेठसाठीच उडतं."

दगडाबाईला हसू आलं. "मग ती दमणी हाय. आदी सांगायचं की. अन् तुझं आताचं, ती येष्टी."

दमणी म्हणजे मालकाच्या घरची, छत असलेली हलकी बैलगाडी. चैतालीचा आजा जमीनदार विठ्ठलरावांकडे सालानं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर गडी म्हणून राहिला, तेव्हा त्यांची दमणी तोच हाकायचा.

"माय, कुठं दमणी अन् कुठं विमान," आबासाहेब म्हणाले. "अशा नोकरीसाठी लोक रांगा लावतेत. हो म्हणून टाक, चैताली."

"तू गप रे. तुला कोन इचारलं?" दगडाबाई नातीकडे वळली. "जेवन कुनाचं?"

"त्यांचंच. मोठ्या हॉटेलातलं."

"कपडे?"

"तेही त्यांचेच."

"अन् सुट्टी?"

चैतालीचा हात थांबला. "फोन आला की दोन तासांत निघायचं. नाही आला, की सुट्टी."

"अन् आता?"

"आता अख्ख्या महिन्याचं आधीच कळतं. कुठल्या तारखेला कुठं, अन् घरी कधी."

दगडाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"आमचा मालक वाईट नव्हता. खोटं कावून बोलू? दोन जोड कपडे, सालाला पायताण, भाकर, समदं येळंवर. हा आबा झाला तवा तुझा आजा मालकाच्या पाव्हण्यांला आनाया दमणी घेऊन सिरसाळ्याला गेलता. पाव्हणे मुक्कामी राह्यले, मग ह्योबी राह्यला. तिसऱ्या दिशी आला, तवा त्यानं पोराचं तोंड बघितलं. मालकानं पेढे धाडलते. लई ग्वाड होते."

आबासाहेबांनी मान वर केली. साठी उलटली तरी ही गोष्ट त्यांच्या कानावर आली नव्हती.

"मला कधी सांगितलं न्हाईस, माय."

"तुला काय सांगायचं? तू कुठं पेढे खाल्लेस?" ती चैतालीला म्हणाली, "मी न्हाई म्हणत न्हाई, बाई. तुला ग्वाड लागत असंल तर जा. तुझा आजा पोटासाठी राह्यला. तुला तसं काई न्हाई."

चैतालीनं हात पुसले आणि फोन घेऊन ती अंगणात गेली. ओसरीतून तिचं बोलणं ऐकू येत होतं.

"मॅडम, इतक्या मुलींमधून तुम्ही माझं नाव सुचवलंत. हे मी विसरणार नाही. पण मला आत्ता माझ्या सुट्ट्या आधी कळायला हव्यात... हो मॅडम, अशी जागा पुन्हा येत नाही, माहीत आहे. घरी आजी आहे."

ती परत आली आणि आजीचा दुसरा पाय मांडीवर घेऊन पुन्हा तेल लावू लागली. इतक्या वर्षांत चुलीकडे न फिरकलेले आबासाहेब उठून आत गेले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं तिघांचा चहा ठेवला. साखरेचा डबा कुठं आहे, हे मात्र आतून दोनदा विचारलं.

"म्होरल्या महिन्यात कधी येशील?" दगडाबाईनं विचारलं.

"तेरा, चौदा, पंधरा."

"तीन दिस." तिनं तेलानं माखलेला तो हात धरून आपल्या गालाला लावला. "लई झाले, बाई. लई झाले."

दगडाबाई शनिवारी, चौदा डिसेंबरला, सकाळी नऊच्या सुमारास चैतालीच्या मांडीवर वारली.