कॉफीचा पुडा

वैजनाथची मुलाखत बंगळुरूला होती, हे खरं. त्या दिवशी तो पाठीला सॅक लावून मित्रांबरोबर चिकमंगळूरच्या कॉफीच्या मळ्यांतून डोंगर चढत होता, हेही तितकंच खरं. आपली निवड काही व्हायची नाही, असा निकाल त्याने स्वतःच लावला होता आणि मुलाखतीला दांडी मारली होती. परतताना मन फार टोचू लागलं, म्हणून चहाबाज आईसाठी कॉफीचा पुडा घेतला. अपराध जेवढा, पुडा तेवढा.

तो सेनगावला घरी पोचताच आईने, चतुराबाईंनी, पुडा नाकाला लावला, डोळे मिटून वास घेतला. मग कॉफी केली आणि एकच कप आणून लेकापुढे ठेवला.

"माय, तुझी कुठंय?"

"मला न्हाई. तू निघालास तवाच महादेवापुढं बोलले, पोराच्या मुलाखतीचा निकाल लागस्तोवर चहा-काफी बंद."

वैजनाथने कप खाली ठेवला. "असं काहून केलंस? उगं जिवाला तकलीफ."

"तकलीफ कसली? तू तिकडं सायबापुढं घाम गाळावा, अन् मी इथं बशीनं चहा भुरकावा? पी तू, थंडी होऊन राहिली."

पुड्याचं तोंड घट्ट बांधून चतुराबाईंनी तो देवापुढे ठेवला, आणि चहावाचून ठणकणारं कपाळ दाबत विचारलं, "निकाल कधी हाय म्हणाले रे ते?"