दोन लेझर, एक लहर

२००३ साली गोंदियातल्या एका कॉलेजात दामिनीने किंचित वेगळ्या रंगांचे दोन लेझर एकाच ऑप्टिकल फायबरमध्ये सोडले आणि दुसऱ्या टोकाला त्या दोघांतल्या फरकातून रेडिओ लहर काढून दाखवली. लेझरचा रंग जरासा सरकला की लहर हरवायची. ती टिकवायची कशी, हे शोधण्यात तिचा सगळा उन्हाळा गेला. तिचे मार्गदर्शक रहांगडाले सर प्रयोगाच्या खोलीकडे फारसे फिरकलेही नाहीत, पण शोधनिबंध छापून आला तो त्यांच्या एकट्याच्या नावाने. ती जाब विचारायला गेली तेव्हा ते हसून म्हणाले, "तुला ओळखते कोण? कोणाला पटणार आहे?"

दहा वर्षांनी दामिनी त्याच कॉलेजात प्राध्यापक म्हणून परतली. सर निवृत्त झाले होते, आणि त्यांची मुलगी स्नेहल तिच्याच वर्गात होती.

"मॅडम, लेझरपासून रेडिओ लहर इथं पहिल्यांदा माझ्या बाबांनी काढली," स्नेहल अभिमानाने म्हणाली.

"हो का? मग ती टिकवली कशी, ते त्यांनाच विचारून ये."

दुसऱ्या दिवशी स्नेहल पडलेल्या चेहऱ्याने आली. "बाबा म्हणे, आठवत नाही. पुन्हा विचारलं तर ताटावरून उठून गेले. काऊन चिडून राहिले, मले काही समजतच नाही."

दामिनीने तिच्या पाठीवर मायेने हात ठेवला.



"आज आईसमोर विचार."