विहिरीतला उल्मोरा

आरोही विहिरीच्या काठावर उभी होती. मागे शामूकाका उभा होता आणि तो कधी ढकलणार हे तिला माहीत नव्हतं. बेळगावजवळच्या हिंडलग्यातल्या या घराची पोहायला शिकवायची रीतच तशी. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचा, पोराला काठावर उभं करायचं, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या आणि बेसावध गाठून ढकलून द्यायचं. सांगून ढकललं तर पोरगं पळून जातं, हा आजा-पणज्यापासूनचा अनुभव.

"भिऊ नगंस गं," शामूकाका म्हणाला. "डबा हाय की पाठीला. बुडतो म्हटलंस तरी बुडायची न्हाईस."

पण आरोहीला बुडायची भीती नव्हती. भीती होती ती उल्मोराची.

उल्मोरा म्हणजे मोबाइलवरच्या खेळातला प्राणी. त्या खेळात जगभर हिंडून चित्रविचित्र प्राणी पकडायचे आणि पाळायचे असतात. खेळाच्या तिसऱ्या भागात समुद्र आला आणि समुद्राबरोबर हा आला. काळा, सुपासारखे रुंद पर, तोंडाचा पत्ता नाही. त्याच्या चित्राखाली एकच ओळ होती : 'भ्यालेल्या जिवाची धडधड ऐकली की उल्मोरा तळातून वर येतो.' वर येऊन काय करतो, ते लिहिलेलं नव्हतं. ते आरोहीने मनानेच पुरं केलं होतं, आणि त्यात काही कमी ठेवलं नव्हतं. पडद्यावर ती सावली हलली, की ही फोन बंद करून उशीखाली सारायची.

बेळगावला समुद्र नाही, हे चौथीतल्या पोरीला काय माहीत नव्हतं? पण भीती कुठे भूगोल शिकते! खाली पाणी हिरवंकाळं होतं. तळ दिसत नव्हता. तिची छाती धडधडू लागली. मग धडधडते आहे म्हणून आणखीच धडधडू लागली. गप बस, गप बस, ती आपल्याच छातीला सांगत होती. त्याला ऐकू जाईल.

समोरच्या काठावर तिची आई उभी होती, रचना. सकाळी तिनेच विहिरीला हळदकुंकू वाहून नारळ फोडला होता. या घरातल्या बायका विहिरीची पूजा करत. विहिरीत उतरत नसत. पोरीला पोहायला शिकवायचं हे यंदाच निघालं होतं, तेही तिच्या बापाने हट्ट धरला म्हणून. पूजा झाल्यावर शामूकाकाने रचनाला घरी जायला सांगितलं होतं. ती गेली नाही. काळपट निळ्या साडीचा पदर कमरेला खोचून तिथेच थांबली. तिची नजर पोरीच्या पाठीवरच्या गाठीवर होती.

"भावजी, दोरी नायलॉनची हाय न्हवं? भिजली की गाठ सुटती तिची," ती म्हणाली.

शामूकाका हसला. "तुला काय कळतंय गं पवण्यातलं? एवढी पोरं शिकली ह्या हिरीत, एक तरी..."

आणि बोलता बोलता त्याने ढकललं.

पाणी अंगावर आदळलं. क्षणभर डब्याने तिला वर धरलं. मग भिजलेली गाठ सर्रकन सुटली. डबा एकीकडे तरंगत गेला आणि आरोही सरळ खाली. शामूकाकाच्या तोंडचं पाणी पळालं. पायऱ्या होत्या पलीकडच्या अंगाला. तो ओरडत तिकडे धावत सुटला.

पाण्याखाली ते ओरडणं पोचत नव्हतं. तिथे एकच आवाज होता. धड, धड, धड. कानात, डोक्यात, सगळ्या विहिरीत. आता तो ऐकणारच, हे आरोहीला कळून चुकलं. तिने डोळे उघडले, आणि खरंच, खालच्या काळोखात काहीतरी हललं. काळं. रुंद. दोन्ही बाजूंना पर पसरलेले. ते तळातून सरळ तिच्याकडेच येत होतं. ती किंचाळायला गेली तर तोंडात पाणी शिरलं. त्याने तिच्या कमरेला विळखा घातला. संपलं सगळं, असं वाटून तिने डोळे मिटून घेतले.

पण ते तिला खाली नेत नव्हतं. वर ढकलत होतं.

मग उजेड आला, हवा आली, ढास आली. कुणीतरी तिला पायरीवर पालथी धरून पाठीत थापट्या मारत होतं. नाकातोंडातून पाणी पडलं. डोळे उघडले तेव्हा तिला आधी दिसला तो काळपट निळा पदर. सुटून, भिजून तो पायरीभर पसरला होता.

शामूकाका तिथेच मटकन बसला.

"रचना, तुला पवायला येतंय व्हय गं?"

"येतंय की. माहेरी नंदगडात तळ्यातच असायची मी सारखी."

"मग इतकी वर्सं बोलली न्हाईस ती?"

"कुणी इचारलंच न्हाय."

शामूकाका पाण्यावर तरंगणाऱ्या डब्याकडे बघत राहिला.

आरोहीचे दात वाजत होते. तिने आईच्या गळ्याला मिठी घातली आणि कानाशी लागून विचारलं, "आई, तू... खालनं कशी आलीस?"

रचनाने तिला घट्ट आवळून धरलं. तिचाही जीव अजून ठिकाणावर नव्हता.

"उडी मारली ती पार तळालाच गेले बघ. तिथंवर ऐकायला येत हुती तुझी धडधड. मग वर येऊ नको तर काय करू?"